विद्यार्थ्यांचे फिरणे ही चैन नव्हे

जर्मनीच्या बायर्न प्रांतात डॅन्यूब नदीकाठी वसलेल्या इंगोलश्टाट या शहरात दरवर्षी भारतातून अनेक विद्यार्थी अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी येतात. त्यांत महाराष्ट्रातील आपल्या समाजाची मुलेमुलीही असतात. परीक्षा आटोपल्या की फेब्रुवारीत आणि पुन्हा ऑगस्ट-सप्टेंबरात त्यांना काही आठवड्यांची मोकळीक मिळते. या मोकळ्या दिवसांत आपली मुले काय करतात, हे मी गेली काही वर्षे जवळून पाहत आलो आहे. बहुतेक जण गोदामातील किंवा उपाहारगृहातील शिफ्ट वाढवून घेतात. काही थोडे जण फिरायला जातात. पण प्रवासाची छायाचित्रे मोबाइलवरील स्टेटसला ठेवताना आई-वडील, काका आणि मामा यांना त्यातून वगळतात. घरी कळले तर पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'कर्ज डोक्यावर असताना फिरायला गेलास?'

हा प्रश्न विचारणारे पालक निष्ठुर नाहीत. कोणी घर तारण ठेवलेले असते, कोणी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढलेली असते. त्यांच्या धास्तीचा अवमान करण्याचा माझा हेतू नाही. तरीही माझे स्पष्ट मत आहे की, परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रवास हा त्याच्या शिक्षणाचाच भाग आहे. त्याला उधळपट्टीच्या खात्यात टाकून आपण आपल्याच मुलांचे शिक्षण अर्धे करतो. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावरून मोकळेपणाने चालण्याची मुभा नव्हती, त्या समाजाने तर हे अधिक गांभीर्याने समजून घेतले पाहिजे.

प्रथम हिशेबाकडे पाहू. जर्मनीत शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याला व्हिसासाठी एका वर्षाच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो आहे. खोलीचे भाडे, आरोग्यविमा आणि जेवण यांत ती संपते, हे खरे. पण याच देशात प्रादेशिक गाड्या, ट्राम आणि बस यांतून महिनाभर देशात कुठेही फिरण्याची सोय देणारे 'जर्मनी-तिकीट' आहे. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोंना सुरू झाले. जानेवारी २०२६ पासून त्याचा दर ६३ युरो झाला. त्याच महिन्यापासून येथील किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे. म्हणजे पाच तासांहूनही कमी कामात महिन्याभराचा प्रवास हाती येतो. विद्यार्थ्यांना सवलतीची तिकिटे आहेत, ती याहून स्वस्त पडतात. जलद गाड्यांना हे तिकीट चालत नाही. पण ज्याला देश पाहायचा आहे त्याला संथ गाडीची खिडकी अधिक उपयोगाची. शिवाय विद्यार्थ्याचा निवासपरवाना असला की शेंगेन क्षेत्रातील इतर देशांतही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाविना जाता येते. ऑस्ट्रेलियात शिकणाऱ्या आपल्या मुलांना अंतरे प्रचंड असल्यामुळे असा स्वस्त प्रवास मिळत नाही. सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांच्या कामाची मर्यादाही त्यांना सांभाळावी लागते. इंगोलश्टाटच्या विद्यार्थ्याच्या दाराशी मात्र निम्मा युरोप आहे. कर्जाचा बोजा अशा प्रवासाने वाढत नाही. तो वाढतो नोकरी लांबल्याने. आणि ज्याने स्थानिक भाषा, माणसे आणि शहरे यांच्याशी ओळखच करून घेतली नाही, त्याची नोकरी लांबण्याची शक्यता अधिक.

आता दुसरा आक्षेप, जो आपल्या घरांत हमखास पुढे येतो. बाबासाहेब परदेशात असताना फिरत बसले नाहीत. अर्धपोटी राहून ग्रंथालयात अभ्यास करत राहिले, असे मुलांना सांगितले जाते. त्यात तथ्य आहे आणि त्यापुढे मान झुकलीच पाहिजे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर. एकेक दिवस मोजून वापरावा लागत होता. तरीही १९२१ मध्ये त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात प्रवेशासाठी जर्मन भाषेत अर्ज केला होता. अमेरिका आणि इंग्लंड पाहिलेल्या या विद्यार्थ्याला तिसऱ्या देशाची विद्याही हवी होती. ती योजना पूर्ण झाली नाही. परंतु एका देशात मिळाले तेवढे पुरे, असे त्यांनी मानले नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते.

याहून महत्त्वाचा दाखला १९३४ चा आहे. चळवळीतील सहकाऱ्यांनी स्थलदर्शनाला जाण्याची इच्छा व्यक्त केली आणि बाबासाहेबांनी ती मान्य केली. वेरूळची लेणी पाहणे हा त्या सहलीचा मुख्य हेतू होता. वाटेत दौलताबादचा किल्लाही पाहायचा होता. म्हणजे बाबासाहेब त्या दिवशी निखळ प्रवासी म्हणून निघाले होते. किल्ल्याच्या प्रवेशद्वारापाशी हौदाच्या पाण्याने धुळीने भरलेले हातपाय धुतल्यावर, हौद बाटवला म्हणून जमाव धावून आला. अखेर किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर प्रवेश मिळाला आणि देखरेखीला एक सशस्त्र शिपाई सोबत दिला गेला. हा प्रसंग त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात लिहून ठेवला आहे.

हे आत्मकथन आपण सर्वांनी वाचलेले असते. पण त्यातील बाबासाहेबांचे स्वतःचे अनुभव प्रामुख्याने प्रवासाचे आहेत, याकडे आपले लक्ष जात नाही. १९०१ मध्ये वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघालेली लहान भावंडे मसूर स्थानकावर उतरतात. जात कळताच गाडीवान त्यांना नेण्यास नकार देतात. शेवटी दुप्पट भाडे देऊन, मुलांनीच गाडी हाकायची या अटीवर प्रवास सुरू होतो आणि रात्रभर प्यायला पाणी मिळत नाही. १९१७ मध्ये अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेल्या माणसाला बडोद्यात राहायला जागा मिळत नाही. पारशी धर्मशाळेतून त्याला लाठ्या घेतलेला जमाव बाहेर काढतो. १९२९ मध्ये चाळीसगावला टांगेवाले त्यांना नेण्यास तयार होत नाहीत, अननुभवी माणसाला टांगा हाकावा लागतो आणि अपघात होतो. गाडी, मुक्काम, टांगा, पाणी, किल्ला : प्रवासाला लागणारी प्रत्येक गोष्ट तेथे नाकारली गेली आहे. पुस्तकाच्या शीर्षकात 'व्हिसा' हा शब्द आहे तो उगाच नाही. आज ज्यांच्या पारपत्रावर खराखुरा व्हिसा उमटलेला आहे, त्या मुलांना 'खोलीतच बसा' असे आपण कोणत्या तोंडाने सांगावे?

आपल्या पूर्वजांना वाटा ठाऊक नव्हत्या, असे मुळीच नाही. वतनी महाराला पंचक्रोशीतील प्रत्येक वाट पाठ असे. गावातील मृत्यूची वार्ता दुसऱ्या गावी त्यानेच पोहोचवायची, सरकारी कागद आणि ओझी त्यानेच वाहायची, अंमलदाराच्या पुढे वाटाड्या म्हणून त्यानेच चालायचे. एवढे चालूनही ती वाट त्याची नव्हती. ती वेठ होती. वतनाने माणसाला गावाच्या हद्दीशी बांधून ठेवले, म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले. ही कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या जिज्ञासेसाठी केलेला प्रवास हा म्हणून आपल्या घराण्यांच्या इतिहासात नवा आहे. दोन-तीन पिढ्यांपूर्वी तो संभवतच नव्हता.

ज्या देशात आपली मुले शिकत आहेत, त्या देशाने कारागिराच्या बाबतीत नेमका उलटा नियम केला होता. सुतार, गवंडी, छप्पर घालणारे यांनी शिकाऊ उमेदवारी पूर्ण केल्यावर घर सोडून गावोगाव काम करत हिंडायचे, या प्रथेला 'वाल्त्स' म्हणतात. आजही काही तरुण ती पाळतात. मुदत किमान तीन वर्षे आणि एक दिवस. त्या काळात स्वतःच्या गावाच्या पन्नास किलोमीटरच्या आत फिरकायचे नाही. काळ्या कॉर्डरॉयच्या पोशाखातील, हाती काठी घेतलेला असा तरुण कधी कधी बायर्नच्या रेल्वेस्थानकावर दिसतो. आपल्याकडे बलुत्याची व्यवस्था कारागिराला गावात जखडत होती. येथे गाव सोडल्याशिवाय त्याचे शिक्षण पुरे झाले असे मानत नसत. कोणी म्हणेल, वाल्त्सवर निघणारा कर्जमुक्त असावा अशी अट असते आणि आपली मुले कर्जात आहेत. हे बरोबर आहे; म्हणूनच त्यांचा प्रवास साधा, जवळचा आणि बेताच्या खर्चाचा असावा. पण तो असावा.

मुक्कामाचेही तसेच. जगभर पसरलेल्या युवा वसतिगृहांची कल्पना याच देशातील रिचर्ड शिरमान या शाळामास्तरांना १९०९ मध्ये सुचली. मुलांना पायी सहलीला न्यायचे तर रात्री स्वस्त निवारा हवा, एवढाच त्यामागचा विचार होता. १९१२ मध्ये आल्टेना येथील किल्ल्यात पहिले कायमचे वसतिगृह सुरू झाले. त्यानंतर पाचच वर्षांनी बाबासाहेबांना बडोद्यात डोके टेकायला जागा मिळू नये, ही तुलना मनाला डागणी देते. अर्थात जर्मनीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. १९३३ नंतर हीच वसतिगृहे हिटलरच्या युवक संघटनेच्या ताब्यात गेली. दारे उघडतात तशी ती बंदही होतात, हेसुद्धा प्रवासानेच कळते.

इंगोलश्टाटच्या विद्यार्थ्याने काय पाहावे? आरंभ स्वतःच्या शहरापासून करावा. येथे १४७२ मध्ये बायर्नचे पहिले विद्यापीठ स्थापन झाले. १८०० मध्ये ते लांड्सहूटला आणि १८२६ मध्ये म्युनिकला हलवले गेले. मेरी शेली यांच्या १८१८ च्या 'फ्रँकेन्स्टाइन' कादंबरीचा नायक याच विद्यापीठात शिकतो. आपली कित्येक मुले आउडीचा कारखाना आणि आपला वर्ग यांपलीकडचे हे शहर न पाहताच पदवी घेऊन जातात.

म्युनिककडे जाणाऱ्या लोहमार्गावरच दाखाऊ आहे. २२ मार्च १९३३ रोजी तेथे नाझी राजवटीची छळछावणी उघडली. आज ते स्मृतिस्थळ आहे आणि बायर्नमधील शाळांची मुले शिक्षकांसह तेथे येतात. उत्तरेला न्यूर्नबर्ग आहे. सप्टेंबर १९३५ मध्ये तेथील मेळाव्यात जाहीर झालेल्या कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेतले आणि ज्यू व इतर जर्मन यांच्यातील विवाहांवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, लाहोरला होऊ न शकलेले भाषण बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' म्हणून प्रसिद्ध केले आणि आंतरजातीय विवाह हा जातीवरील खरा उपाय असल्याचे सांगितले. न्यूर्नबर्गच्या संग्रहालयात उभ्या राहिलेल्या आपल्या विद्यार्थिनीला या दोन वर्षांचा संबंध जाणवेल. सोबतच्या इतर प्रवाशांना कदाचित जाणवणार नाही. नोव्हेंबर १९४५ पासून ज्या सभागृहात नाझी नेत्यांवर खटला चालला, ते सभागृहही याच शहरात आहे. रस्त्यांवर, बळी पडलेल्या माणसांच्या घरांपुढे, त्यांची नावे कोरलेले पितळी ठोकळे बसवलेले असतात. असा एक लाखावा ठोकळा मे २०२३ मध्ये न्यूर्नबर्गमध्ये बसवला गेला. हे पाहिल्यावर मनात प्रश्न उभे राहतात. आपल्याकडे किती शाळा मुलांना महाडच्या चवदार तळ्यावर नेतात? खैरलांजीत २००६ मध्ये मारल्या गेलेल्या माणसांची नावे कोणत्या रस्त्यावर कोरली आहेत? असे प्रश्न खोलीत बसून सुचत नाहीत, असे नाही. पण तेथे उभे राहिले की ते टाळता येत नाहीत.

प्रवासाची बाजू मांडताना प्रवासाच्या नावाखाली चाललेल्या प्रकाराचे समर्थन मी करणार नाही. तीन दिवसांत पाच राजधान्या, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटे आणि चाळीस छायाचित्रे, ही धावपळ पैशांचा अपव्ययच आहे. याला आणखी एक कारण असते. आपली मुले बहुधा भारतीय विद्यार्थ्यांच्या मोठ्या गटाबरोबर निघतात. अशा गटात आडनाव विचारले जाते. आडनावावरून समाधान झाले नाही तर गाव, मग गावातील वस्ती विचारली जाते. कोणाच्या डब्यात काय आहे याची चर्चा होते, आरक्षणावर विनोद होतात. काही जण हसून वेळ मारून नेतात. काही जण पुढच्या सहलीला 'अभ्यास आहे' असे सांगून मागे राहतात. मसूरच्या गाडीवानाचा प्रश्न अशा रीतीने हजारो किलोमीटर प्रवास करून येथे पोहोचला आहे. यावर उत्तर घरी बसणे हे नव्हे. दोघा-तिघांनी मिळून जावे, वर्गातील जर्मन, तुर्की, व्हिएतनामी मित्रांबरोबर जावे, एकट्याने जावे. एका ठिकाणी दोन दिवस राहावे, तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये बोलावे. वर्णावरून तिरकस नजरा येथेही भेटतात, हे गृहीत धरून सावध राहावे. पण भीतीने थांबू नये.

आणि परतल्यावर लिहावे. बौद्ध परंपरेत प्रवास आणि नोंद यांचे नाते जुने आहे. तथागतांनी आपल्या पहिल्या साठ भिक्खूंना वेगवेगळ्या दिशांनी, दोघांनी एका वाटेने न जाता, लोकांत जाण्यास सांगितले. चीनहून इ. स. ३९९ मध्ये निघालेला फाहियान आणि ६२९ ते ६४५ या काळात प्रवास करून नालंदेत शिकलेला ह्युएनत्संग, हे दोघे खऱ्या अर्थाने परदेशी शिकणारे विद्यार्थीच होते. नगरात शिरताना चांडाळांना लाकूड वाजवून आपण आल्याचे कळवावे लागे, हे फाहियानने टिपून ठेवले. अस्पृश्यतेचा काळ निश्चित करताना बाबासाहेबांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात या दोन्ही प्रवाशांच्या नोंदी तपासल्या. एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅम यांनी विस्मृतीत गेलेली बौद्ध स्थळे शोधली ती ह्युएनत्संगाच्या वर्णनांचा आधार घेऊनच. एका विद्यार्थ्याच्या नोंदवहीतून बाराशे वर्षांनी एका धम्माचा भूगोल परत मिळाला.

मराठीत प्रवासवर्णनांचे कपाट भरलेले आहे. त्यात आपली पुस्तके मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी आहेत. वाटेगावहून पायी मुंबई गाठणारे अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये सोव्हिएत देशात गेले आणि त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला, याचे मोल म्हणूनच मोठे आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीतील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या सुमारे ४९ हजार होती. त्यांतील आपल्या मुलांनी काय पाहिले, त्यांना काय खटकले, काय उमगले, याची नोंद आज जवळजवळ कुठेच नाही. ती मुलांनी लपवलेल्या स्टेटसमध्ये चोवीस तास राहते आणि पुसली जाते.

म्हणून भारतातील पालकांना माझी विनंती आहे : मुलाच्या किंवा मुलीच्या खर्चाचा अंदाज मांडाल तेव्हा भाडे, विमा, जेवण यांखाली 'प्रवास' अशी एक ओळ लिहा. रक्कम लहान असू द्या; पण ती तुमच्या संमतीने असू द्या, म्हणजे मुलांना अपराध्यासारखे फिरावे लागणार नाही. येथे स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांना विनंती आहे की, विद्यार्थ्यांसाठी घराचा एक कोपरा आणि एका रात्रीचे जेवण उपलब्ध ठेवा. म्युनिक, श्टुटगार्ट, फ्रँकफुर्ट, बर्लिन या प्रत्येक शहरात असे एक घर जरी असले, तरी निम्मा खर्च वाचेल. आणि आडनाव न विचारता पाणी देणारे दार आपल्या मुलांना परदेशात मिळेल. चौदा एप्रिलच्या आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमांत भाषणांची संख्या एकाने कमी करून एखाद्या विद्यार्थ्याला आपल्या प्रवासाविषयी पंधरा मिनिटे बोलू द्या. त्याने ते लिहून दिले तर ते जपा.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, कर्ज फेडायचे आहेच, आणि ते तुम्ही फेडाल. परंतु दौलताबादच्या किल्ल्यात बाबासाहेब सशस्त्र शिपायाच्या पहाऱ्याखाली फिरले, म्हणून आज तुम्ही कोणाच्याही पहाऱ्याविना न्यूर्नबर्गच्या किल्ल्यावर चढू शकता. पुढच्या सुट्टीत चढा. वर गेल्यावर काढलेले छायाचित्र सर्वांत आधी आईला पाठवा.

जय भीम. नमो बुद्धाय.